पाच घरचा पैसा, एकच वही

लातूर-उस्मानाबाद भागात ३० सप्टेंबर ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९९३ साली गणेश विसर्जन आटोपून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर ढिगाऱ्याखाली गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र या तारखेचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी नावं, तितका शाळेचा पट. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक याची सरकारी मंजुरी, त्यावर, शिक्षकांची पदं त्यावर, आणि देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसच्या फॉर्मातले आकडेही वर्षानुवर्षं त्याच तारखेचे. २७ ने सुरू होणारा अकरा अंकी सांकेतांक, खोल्या किती, त्यातल्या दुरुस्तीला आलेल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, असलं तर वापरात आहे का. फॉर्म भरणारा वैतागलेला असतो, आणि हा फॉर्म मुळात आला कुठून हे विचारायला त्याला सवड नसते.

तो आला १९९४-९५ च्या सुमारास, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून. शाळाशाळांत हे लांबलचक नाव कुणी घेत नसे, सगळे डीपीईपीच म्हणत. भूकंपाची तारीख आणि पटाची तारीख एक असणं हा निव्वळ योगायोग, पण लातूर आणि उस्मानाबाद भूकंपानंतर सव्वा वर्षाच्या आत डीपीईपीत आले हे खरं. पहिल्या टप्प्यात देशातल्या ७ राज्यांचे ४२ जिल्हे होते. महाराष्ट्राचे पाच: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. (नावं तेव्हाची. हिंगोली अजून परभणीतच होता.) पाचही मराठवाड्यातले. नंतर बीड, जालना, धुळे आणि गडचिरोली आले.

गरीब देशांच्या प्राथमिक शिक्षणाला बाहेरच्या संस्था मिळून हातभार लावतात, तेव्हा नेमकं काय घडतं, याचा अभ्यास करायला मला डीपीईपीइतकं बोलकं प्रकरण दुसरं दिसत नाही. यात जागतिक बँक होती, युरोपीय आयोग होता, ब्रिटनचं मदत खातं होतं, नेदरलँड्सचं सरकार होतं, युनिसेफ होतं. पाच घरचा पैसा. वही मात्र दिल्लीने एकच ठेवली. सगळी गंमत आणि सगळी गोम त्या वहीत आहे.

आधी काय होतं

१९९० पर्यंत प्राथमिक शाळेत परदेशी पैसा घ्यायचा नाही असा भारताचा अलिखित शिरस्ता होता. अपवाद होते, पण सुटेसुटे. आंध्रात ब्रिटिशांचा प्रकल्प, राजस्थानात स्वीडनच्या मदतीने शिक्षाकर्मी (गावातल्याच तरुणांना शिक्षक करणारा प्रकल्प), डचांच्या पैशावर महिला समाख्या (खेड्यातल्या बायकांच्या शिक्षणाचा कार्यक्रम), बिहारमध्ये युनिसेफ. ज्याचा पैसा त्याची पद्धत, त्याचाच अहवाल.

मार्च १९९० मध्ये थायलंडमधल्या जोमतिएन इथे युनेस्को, युनिसेफ, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी मिळून 'सर्वांसाठी शिक्षण' ही परिषद भरवली. पुढच्याच वर्षी आपल्या तिजोरीत ठणठणाट झाला आणि देशाचं सोनं विमानाने परदेशी गहाण गेलं. आर्थिक पुनर्रचनेच्या कर्जाबरोबर सामाजिक क्षेत्रासाठीही पैसा पुढे केला गेला. तो घेणं भाग होतं. कसा घ्यायचा, हा खरा प्रश्न होता.

मनुष्यबळ विकास मंत्रालयात त्या वेळी सहसचिव असलेले आर. व्ही. वैद्यनाथ अय्यर आणि त्यांचे सहकारी वाटाघाटींना बसले, तेव्हा सुट्या प्रकल्पांचा अनुभव त्यांच्यासमोर होता. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने अटी घालून दिल्या: बाहेरचा पैसा राष्ट्रीय धोरणाच्या चौकटीतच खर्च व्हावा, राज्यांच्या स्वतःच्या खर्चात भर म्हणून यावा, आणि पैसा आटल्यावरही काम उभं राहावं. त्यातून जे ठरलं ते साधं होतं. कार्यक्रम आमचा, निकष आमचे. ज्याला पैसे द्यायचे त्याने याच कार्यक्रमातले जिल्हे घ्यावेत. स्वतःचा वेगळा संसार मांडू नये.

अटींचा कागद

निकष वाचताना घरखर्चाची वही आठवते. जिल्हा निवडायचा तो स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेला. १९९१ च्या जनगणनेत ही सरासरी ३९.३ टक्के होती. दुसरा निकष, साक्षरता मोहिमेमुळे शाळेची मागणी वाढलेला जिल्हा. एका जिल्ह्याला ५ ते ७ वर्षांत साधारण ३० ते ४० कोटी. त्यातला ८५ टक्के वाटा केंद्राचा, तोही राज्याला अनुदान म्हणून, आणि १५ टक्के राज्याचा. राज्याने प्राथमिक शिक्षणावरचा आपला खर्च महागाई धरून १९९१-९२ च्या पातळीखाली येऊ द्यायचा नाही. नाहीतर डावा हात देणार आणि उजवा काढून घेणार, हे दिल्लीलाही कळत होतं.

यातले दोन आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. व्यवस्थापनावर ६ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको. बांधकामावर २४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. सहा टक्क्यांचं कारण उघड आहे, गाड्या आणि कार्यालयं पैसा खातात. चोवीस टक्क्यांवर मात्र गावोगावी कुरबुर झाली असणार, कारण गावाला शाळेची खोली हवी असते. खोली डोळ्यांना दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते, तिचं उद्घाटन होतं. शिक्षकाचं प्रशिक्षण कुणाला दिसतं? पण ही मर्यादा नसती तर सगळा कार्यक्रम ठेकेदारांच्या घशात गेला असता. पुढे डीपीईपीच्या जागी आलेल्या सर्व शिक्षा अभियानात बांधकामाची मर्यादा ३३ टक्के झाली. सहाचा आकडा तिथेही सहाच राहिला.

उद्दिष्टंही आकड्यांत बांधलेली होती: गळती १० टक्क्यांच्या आत, मुलं-मुली आणि वेगवेगळ्या समाजगटांतलं अंतर ५ टक्क्यांच्या आत, आणि मुलांच्या संपादणुकीत, म्हणजे त्यांना प्रत्यक्ष किती येतं त्यात, सुरुवातीच्या पातळीहून २५ टक्क्यांची वाढ. शेवटच्या उद्दिष्टाचं काय झालं ते पुढे येईलच.

पैसा कसा फिरला

जागतिक बँकेने १९९४ मध्ये आपल्या सवलतीच्या खिडकीतून, म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास संघाकडून, २६ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यात महाराष्ट्रासह सहा राज्यांचे २३ जिल्हे होते. उरलेले १९ मध्य प्रदेशातले. त्यांच्यासाठी युरोपीय आयोगाने १५ कोटी एक्यूचं अनुदान दिलं. (एक्यू म्हणजे युरोच्या आधीचं हिशोबी चलन.) नंतरच्या टप्प्यांत गुजरात डचांकडे गेला, आंध्र आणि पश्चिम बंगाल ब्रिटनकडे, बिहारमध्ये बँकेबरोबर युनिसेफ आलं. होता होता १८ राज्यांतले २७० हून अधिक जिल्हे झाले.

मराठवाड्यातल्या शाळेपर्यंत डॉलर कधीच पोचत नव्हता. बँक आगाऊ थैली ओतत नाही. आधी आपण खर्च करायचा, पावत्या जमवायच्या, मग अर्थ मंत्रालयाने बँकेकडे परतावा मागायचा. तो जमा होणार केंद्राच्या खजिन्यात. कर्ज फेडणार दिल्ली, पहिली १० वर्षं मुद्दल नाही, व्याज नाही, वर्षाला पाऊण टक्का सेवाशुल्क. राज्याच्या हाती मात्र पडणार ते अनुदान. म्हणजे परभणीच्या शाळेला मिळालेल्या रुपयावर जागतिक बँकेचा शिक्का शोधला तर सापडला नसता. 'बँकेने शाळा चालवायला घेतल्या' ही त्या काळातली ओरड इथे लंगडी पडते. 'बँकेचा काही संबंधच नव्हता' ही सरकारी भाषाही तितकीच लंगडी, कारण खरेदी कशी करायची, निविदा कधी काढायची, हिशोब कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे बँकेच्या नियमांनी ठरत होतं.

राज्यात पैसा उतरवायला एक नवी संस्था नोंदवली गेली, महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. संस्था नोंदणी कायद्याखाली कशासाठी? मार्चअखेर ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. कोषागारातला न खर्चलेला पैसा ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे परत जातो, संस्थेच्या बँक खात्यातला राहतो. परिषदेकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून गटाला आणि शेवटी ग्राम शिक्षण समितीच्या खात्यात. समितीचे सचिव मुख्याध्यापक. सह्या दोघांच्या, त्यामुळे पैसे काढायला मुख्याध्यापकाला अध्यक्षाच्या मागे शेतात जावं लागायचं आणि अध्यक्षाला हिशोब विचारायचा हक्क मिळायचा. अनेक गावांत शाळेच्या पैशाचा हिशोब गावाने पहिल्यांदा पाहिला तो असा.

पाचशे रुपये

डीपीईपीची खूण म्हणून शिक्षकांच्या लक्षात राहिलं ते शिक्षक अनुदान. शाळेला वर्षाला २,००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी ५०० रुपये. त्याआधी १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत साहित्य वरून पेट्या भरून यायचं. ते मोडेल आणि आपल्याकडून वसुली होईल या धास्तीने बऱ्याच ठिकाणी पेटीचं कुलूप निघतच नसे. ५०० रुपयांची तऱ्हा वेगळी होती. काय हवं ते शिक्षकाने ठरवायचं. कार्डशीट, स्केचपेन, डिंक, कात्री एवढं तालुक्याच्या दुकानातून. चिंचोके, सागरगोटे, काडेपेट्या, फुटक्या बांगड्या गावातूनच. चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुटे मांडून हातच्याची बेरीज शिकवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पाचशेचं मोल कळेल.

याला दुसरी बाजूही आहे. पावती हवी म्हणून चिंचोक्यांऐवजी छापील तक्ते आले. तपासणीच्या दिवशी ट्रंकेतून निघणारे, प्लॅस्टिकचं वेष्टण शाबूत असलेले तक्ते शिक्षण खात्यात वावरलेल्या कुणालाही आठवतील. आणि १९९४ चे पाचशे सर्व शिक्षा अभियानातही पाचशेच राहिले. तोवर कार्डशीटचा भाव कुठल्या कुठे गेला होता.

प्रशिक्षणाचंही तसंच. गट साधन केंद्रात शिक्षक जमायचे, सकाळी गाणं, मग गोलात खेळ, मग गटकार्य. पन्नाशीचे गुरुजी टाळ्या वाजवत बडबडगीत म्हणताहेत, हे दृश्य चेष्टेचा विषय झालं होतं. पण दहा-बारा शाळांचं केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, महिन्याकाठी संमेलन, ही रचना या काळातच रुजली. केंद्रप्रमुख हे पद राज्याने १९९४ साली सगळ्याच जिल्ह्यांत निर्माण केलं, फक्त डीपीईपीच्या पाचांत नाही. एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळेतल्या माणसाला आपल्यासारखंच काम करणारा दुसरा भेटायची हीच एक जागा. पुढे यातली पुष्कळ पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली, केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारा टपाल्या झाला. तो दोष कुणा परदेशी संस्थेच्या माथी मारता येत नाही.

पाच पाहुणे, एक चहा

मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो तो संयुक्त आढावा पथकांचा. मदत देणाऱ्या प्रत्येकाला आपला पैसा कुठे गेला ते बघायचं असतं, आणि ते रास्तच आहे. पण पाच संस्था वर्षातून दोनदा वेगवेगळ्या आल्या असत्या, तर जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने शिक्षणाचं काम कधी केलं असतं? ठरलं असं, की सहा महिन्यांनी एकच पथक येईल. त्यात सगळ्या संस्थांची आणि भारत सरकारची माणसं असतील, पथकाचं नेतृत्व आळीपाळीने फिरेल, आणि आपला पैसा नसलेल्या राज्यातही माणसं जातील. बँकेचा माणूस युरोपच्या मध्य प्रदेशात, युरोपचा बँकेच्या महाराष्ट्रात. शेवटी एकच अहवाल, सगळ्यांच्या सहमतीचा.

पथक येणार म्हटलं की शाळेला चुना लागायचा आणि दारात रांगोळी निघायची, ते टळलं नाही. पण पाचांना पाच प्रकारे खूश करण्याची कसरत टळली. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत त्याच काळात शिक्षण मंत्रालयांचा अर्धा वेळ देणाऱ्यांच्या पाहुणचारात जात होता. भारताला हे जमलं ते आपले अधिकारी जास्त हुशार म्हणून नाही. बाहेरचा पैसा हा आपल्या एकूण शिक्षणखर्चाचा लहानसा तुकडा होता, म्हणून 'नको' म्हणायची ताकद आपल्या हातात होती. ज्या देशाचं अर्धं शिक्षण-अंदाजपत्रक बाहेरून येतं, त्याला हे उदाहरण देऊन 'तुम्हीही असंच करा' म्हणणं सोपं नाही.

पाहुणे उठून जातात तेव्हा

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि स्वीडनने मदतीचा करार गुंडाळला. राजस्थानातला लोक जुंबिश हा कार्यक्रम स्वीडनच्या पैशावर उभा होता. गावागावांत शाळानकाशे काढणारी, सगळ्या देशात नावाजलेली ती मोहीम भर प्रवाहात अडकली. नंतर ब्रिटनने हात दिला, पण तोवर घडी विस्कटली होती. डीपीईपीत पैसा अनेक ठिकाणांहून येत होता आणि मधे केंद्र उभं होतं, म्हणून तिथे असा खड्डा पडला नाही.

२००३ मध्ये भारतानेच ठरवलं की लहान देशांकडून द्विपक्षीय मदत घ्यायची नाही. डच गेले. सर्व शिक्षा अभियानात जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय आयोग एवढेच उरले. बँकेने २००४ मध्ये ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्याच वर्षी करांवर २ टक्के शिक्षण उपकर लागला, आणि अभियानाचा मोठा भार तुमच्या-आमच्या खिशावर आला. संयुक्त आढाव्याची पद्धत मात्र तशीच चालू राहिली.

मग फरक पडला का?

पटसंख्या वाढली, मुली शाळेत आल्या, हे कुणी नाकारत नाही. श्रेय कुणाचं, इथे गाडं अडतं. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्राने शाळेत येणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ द्यायला सुरुवात केली, ८० टक्के हजेरीच्या अटीवर. महाराष्ट्रात मागास समाजांतल्या गरीब मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता त्याआधीच सुरू झाला होता. साक्षरता मोहिमा होऊन गेल्या होत्या. मग मुलगी शाळेत आली ती तांदळामुळे, रुपयामुळे, नव्या खोलीमुळे, की आईला सही येऊ लागली म्हणून?

जागतिक बँकेतूनच निघालेल्या एका अभ्यासाने डीपीईपीच्या जिल्ह्यांची तुलना तशाच पण कार्यक्रमात नसलेल्या जिल्ह्यांशी केली. निव्वळ फरक, गाजावाजा झाला होता त्या मानाने लहान निघाला. बरीचशी सुधारणा दोन्हीकडे झाली होती. पुढे अर्थशास्त्रज्ञांना ३९.३ टक्क्यांची ती रेषा सापडली. रेषेच्या जरा खालचे आणि जरा वरचे जिल्हे एरवी सारखेच, फरक फक्त डीपीईपीचा. त्या तुलनेत खालच्या बाजूला शाळा वाढल्या, मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली, असं दिसलं. मात्र शिकलेले खूप झाल्याने शिक्षणाला मिळणारा वरचा भाव काहीसा उतरला. मंत्रालयात एका कागदावर आखलेली मर्यादा तीस वर्षांनी संशोधकांच्या अशी कामी यावी, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

आणि वाचता येणं? २००५ मध्ये 'प्रथम' या संस्थेने देशभरच्या खेड्यांत घरोघरी मुलांना वाचायला लावलं. या संस्थेचा जन्मही नव्वदीच्या दशकात मुंबईत युनिसेफच्या मदतीने झालेला. पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नव्हता. पाच संस्थांचा पैसा, दहा वर्षांची पथकं, २५ टक्क्यांचं उद्दिष्ट, आणि हे साधं मोजमाप शेवटी एका स्वयंसेवी संस्थेने एका पानाच्या चाचणीने करून दाखवलं. आढावा पथकांनी खोल्या मोजल्या, प्रशिक्षणाचे दिवस मोजले, खर्चाची टक्केवारी मोजली. मोजायला सोपं ते आधी मोजलं गेलं.

दुसरी सल कंत्राटी शिक्षकांची. मध्य प्रदेशात १९९७ ला शिक्षण हमी योजना आली: गावाने मागणी करावी, ९० दिवसांत शाळा सुरू. शिकवायला गावातलाच माणूस, तुटपुंज्या मानधनावर. महाराष्ट्रात वस्तीशाळा आल्या, आणि २००० च्या सुमारास ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक आले. हे देणाऱ्या संस्थांनी लादलं असं म्हणणारे आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. पाचव्या वेतन आयोगाने राज्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्यांना स्वस्त शिक्षक हवाच होता. पण प्रकल्पाच्या रचनेने त्याला वाट करून दिली हे खरं. सात वर्षांच्या पैशावर तीस वर्षांची नोकरी कोण देणार? ज्या डोंगरवस्तीवर, तांड्यावर शाळाच नव्हती तिथे वस्तीशाळेने पहिल्यांदा फळा लावला, हेही तितकंच खरं. त्या फळ्यासमोर उभे राहणारे निमशिक्षक नोकरीत कायम व्हायला पुढे बरीच वर्षं झगडत राहिले.

ग्राम शिक्षण समितीची जागा शिक्षणहक्क कायद्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीने घेतली. डीपीईपीचं सर्व शिक्षा अभियान झालं, त्याचं समग्र शिक्षा झालं. त्यासाठी नोंदवलेली प्राथमिक शिक्षण परिषद तीच आहे. २०२० मध्ये जागतिक बँकेने 'स्टार्स' नावाच्या कार्यक्रमासाठी पुन्हा ५० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. या खेपेला युरोप नव्हता, ब्रिटन नव्हतं, आणि नुसत्या खर्चाच्या पावत्यांवर परतावा मिळणार नव्हता. बहुतेक रक्कम ठरवून दिलेले निकाल दाखवल्यावर सुटणार होती. ते निकाल कोणते हे वाचायला बसलं की शाळेतल्या त्याच नोंदी आणि मुलांच्या त्याच चाचण्या समोर येतात.